आवाजासाठी थांबलेले चित्र

रायगड जिल्ह्यातील एका गावी रात्रीच्या प्रकाशझोतात चाललेले कबड्डीचे सामने आम्ही इंटरनेटवरून दाखवीत होतो, आणि समालोचक पुण्यात आपल्या घरी बसून, समोरच्या पडद्यावर तेच चित्र पाहत बोलत होते. चढाईपटू पकडीतून निसटला, मध्यरेषेला हात लावून उठला, प्रतिपक्षाचे दोन गडी बाद होऊन बाहेर निघालेदेखील, आणि त्यानंतर प्रेक्षकांच्या कानी शब्द पडले : पकड झाली आहे, सुटतो का पाहू! समालोचकांचा यात कसूर नव्हता. जे दिसले ते दिसताक्षणी त्यांनी सांगितले होते. ध्वनीचा बंदोबस्त माझ्याकडे होता आणि चूक माझी होती.

दूर बसून खेळ सांगण्याची तजवीज इंटरनेटने प्रथम केली असे नव्हे. १९३८ साली इंग्लंडात चाललेल्या अ‍ॅशेस मालिकेचे वर्णन ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशनचे निवेदक सिडनीच्या स्टुडिओत बसून, समुद्रापलीकडून आलेल्या तारांच्या त्रोटक मजकुरावरून करीत, आणि बॅटीवर चेंडू आदळल्याचा आवाज लाकडावर पेन्सिलीचा ठोका देऊन काढीत. श्रोत्यापुढे चित्र नसल्यामुळे घटना आणि आवाज यांतील तफावत त्याला कळण्याचे कारणच नव्हते. परंतु जुलै २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सेंच्युरियनच्या मैदानावर सॉलिडॅरिटी कपाचा सामना झाला आणि त्याचे समालोचन इरफान पठाण यांनी बडोद्याहून, दीप दासगुप्ता यांनी कोलकात्याहून व संजय मांजरेकर यांनी मुंबईहून केले, तेव्हा प्रत्येक शब्दाची रुजवात करण्यास चित्र समोर हजर होते.

शब्द चित्रामागून येण्याचा हा विलंब अंतरामुळे होतो, असा समज मला सर्वत्र आढळतो. वस्तुतः काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. १५० किलोमीटर जाण्यास त्याला १ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा सहस्रांशही, लागत नाही. वेळ जातो तो चित्राचे आकुंचन करण्यात, त्याचे तुकडे करून ते रवाना करण्यात, वाटेत गहाळ झालेला तुकडा पुन्हा मागविण्यात, आणि मागेपुढे पोहोचलेले तुकडे क्रमवार लागावेत म्हणून त्यांना मुक्कामी रोखून धरण्यात. चित्र पुण्यास जाण्यास ४०० मिलिसेकंद आणि आवाज परत येण्यास १६० मिलिसेकंद लागत असतील, तर मैदानावर आवाज येऊन मिळतो तेव्हा तेथील चित्र ५६० मिलिसेकंदांनी पुढे गेलेले असते. आवाजाला याहून घाई करता येत नाही. म्हणून चित्रालाच, मैदानाच्या कोलाहलासकट, तितका वेळ थांबवावे लागते. सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने ही १४ चित्रे होतात. प्रेक्षकाला सारा खेळ अर्ध्या सेकंदाने उशिरा दिसतो खरा, पण त्याने त्याचे काहीच बिघडत नाही; बिघडते ते चित्राचा आणि समालोचनाचा विलंब विषम असल्याने, आणि हे मला त्या रात्री प्रथम उमगले.

थांबवण्याची मुदत अंदाजाने ठरवू नये. मैदानावर कोणी कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवावी, समालोचकाने आपला हेडफोन मायक्रोफोनला चिकटवून धरावा, म्हणजे तीच टाळी फिरून परत येते, आणि मूळ टाळी व परतलेली टाळी यांतील अंतर हीच ती मुदत. मुदत किंचित कमी धरली तर फारसे बिघडत नाही, जास्त धरली तर मात्र आवाज चित्राच्या आधी येतो आणि ते तत्काळ खटकते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आल्यास जाणवतो, मागे पडलेला मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही, असे नमूद आहे. मला यात निसर्गाचाच दाखला दिसतो : ३४ मीटरांवरून येणाऱ्या आवाजाला सेकंदाचा दशांश लागतोच, तेव्हा आधी दिसावे आणि मग ऐकू यावे ही मनुष्याच्या कानाची जन्माची सवय आहे.

समालोचकाच्या कानी मैदानाचा गलबला अवश्य जावा, परंतु त्याचा स्वतःचा आवाज त्यातून वजा केलेला असावा. आपलेच बोलणे सेकंदाच्या पंचमांशाने मागाहून ऐकू आले, तर भल्या वक्त्याची जीभ अडखळते.

इतके करूनही त्याला दिसते ते कॅमेरा दाखवील तेवढेच. म्हणून त्याच गावच्या पुढील सामन्यांत आम्ही चटईच्या कडेला एका जुन्या खेळाडूला टेलिफोन देऊन बसवले, आणि चालू चढाईविषयी चकार शब्द काढायचा नाही एवढे एकच पथ्य सांगितले, कारण टेलिफोनचा आवाज चित्राआधी पोहोचतो. दुसऱ्या डावात दोन चढायांच्या मध्ये ते हलकेच म्हणाले, की डावा कोपरारक्षक पाय टेकताना कचरतो आहे. पुण्याहून समालोचकांनी ते तसेच प्रेक्षकांना सांगितले. पुढचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून सरळ त्या कोपऱ्याकडे वळला.