पिरॅमिड, बुफे आणि विहिरीत उडी

कॅन्कूनच्या कुठल्याही हॉटेलात चेक-इन केलंत की तासाभरात एक चकचकीत पत्रक तुमच्या हातात पडतं. वर पिरॅमिड, खाली निळ्याशार पाण्यात डुंबणारी जोडपी आणि मध्ये ठळक अक्षरांत : 'वन डे टूर! चिचेन इत्झा, सेनोटे, बुफे लंच, व्हायादोलिद'. एका दिवसात चार गोष्टी. दोन दिवसांत अष्टविनायक उरकणाऱ्या आपल्या मंडळींना हा हिशेब लगेच पटतो.

आणि आपली मंडळी तिथे भरपूर भेटतात बरं का. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे ऑनसाइटला गेलेल्या मराठी मुलामुलींचा लाँग वीकेंड हमखास कॅन्कूनला उतरतो. तीन दिवस बीच, आणि चौथ्या दिवशी 'अगं, काहीतरी बघायला पाहिजे ना' म्हणून ही टूर. आम्हीही त्याच हिशेबाने गेलो. त्या दिवसातलं सगळ्यात भन्नाट काय, तर पिरॅमिड नव्हे. पत्रकात 'आणि पोहण्याचा आनंद' म्हणून शेवटी चिकटवलेली ती विहीर.

बस सकाळी लवकर निघते. अंतर साधारण दोनशे किलोमीटर, अडीच तास. गंमत म्हणजे वाटेत एक तास फुकट मिळतो. कॅन्कून किंताना रो राज्यात आणि चिचेन इत्झा युकातान राज्यात, आणि दोन्हींच्या घड्याळात तासाचा फरक. (संध्याकाळी तो तास परत द्यावा लागतो, हे पत्रकात लिहीत नाहीत.) दोन्ही बाजूंना सपाट, खुरटं जंगल. अर्धी बस झोपलेली असताना आमच्या गाईडने माइक हातात घेतला आणि विचारलं, आत्तापर्यंत किती नद्या ओलांडल्या? कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एकही नाही. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणारी नदीच नाही!

सगळा प्रदेश चुनखडीचा. पाऊस पडतो तो दगडातून झिरपत खाली जातो, वाटेत चुनखडी विरघळवतो आणि जमिनीखाली गुहा नि भुयारं तयार होतात, त्यातून पाणी वाहतं. एखाद्या गुहेचं छत कोसळलं की वरून पाणी दिसायला लागतं. तोच सेनोटे. शब्द माया भाषेतला, 'त्सोनोत', स्पॅनिश तोंडात जाऊन तो सेनोटे झाला. असे हजारो आहेत. त्यातल्या बऱ्याच सेनोट्यांची एक अर्धवर्तुळाकार माळ नकाशावर चक्क उमटते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी जी उल्का पडून डायनासोर संपले, तिच्या चिकशुलुब विवराची ती कड. जमिनीखालच्या या पसाऱ्याचा आवाका किती? किनाऱ्यालगत तुलुमजवळच्या दोन भुयारी प्रणाली एकच आहेत, हे २०१८ मध्ये पाणबुड्यांनी सिद्ध केलं, तेव्हा मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली होती. मुंबई ते पुणे जाऊन-येऊन, तेही बुडी मारून!

आमचा गाईड पन्नाशीचा, स्वतः माया. ड्रायव्हरशी तो मायातच गप्पा मारत होता. 'माया लोक गेले कुठे?' हा प्रश्न त्याला रोज कुणीतरी विचारतं म्हणे. कुठे जाणार? युकातेक माया बोलणारे आजही साडेसात लाखांहून जास्त लोक मेक्सिकोत आहेत. शहरं ओस पडली, माणसं नाही. २१ डिसेंबर २०१२ ला जग बुडणार म्हणून सगळ्या टीव्ही चॅनेल्सनी जो धुमाकूळ घातला होता, त्यावर तो मनापासून हसला. कालगणनेचं एक मोठं चक्र पूर्ण झालं, दुसरं सुरू झालं, बस्स. आम्ही भारतातले म्हटल्यावर मात्र त्याने कागदावर एक शिंपला काढून दाखवला. माया आकड्यांत शिंपला म्हणजे शून्य. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच. 'शून्यवाले तुम्ही आणि आम्ही,' असं काहीसं तो म्हणाला आणि आमची कॉलर उगाच ताठ झाली.

चिचेन इत्झाच्या गेटातून आत गेलं की पाच मिनिटांत झाडी संपते आणि कुकुलकानचा पिरॅमिड एकदम समोर येतो. फोटोत हजारदा पाहिलेला असूनही सॉलिड वाटतो. वरच्या देवळासकट उंची साधारण तीस मीटर, म्हणजे दहा मजले. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. दगडाचं कॅलेंडरच. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास दुपारी उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर सावलीचा साप उतरताना दिसतो, आणि तो बघायला जत्रा लोटते. बाकीच्या दिवशी टाळी वाजवा. जिन्यासमोर उभं राहून जोरात टाळी वाजवली की प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा परत येतो. केत्सालसारखा, म्हणजे माया लोकांच्या पवित्र पक्ष्यासारखा, असं गाईड सांगतो. सगळा ग्रुप टाळ्या वाजवतोय आणि दगड शीळ घालतोय, असा तो सीन.

पिरॅमिडवर चढता येत नाही. २००६ मध्ये एक पर्यटक महिला पडून दगावली, तेव्हापासून बंद. चेंडूचं मैदान मात्र सावकाश बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ १७० मीटर, दोन्ही भिंतींवर उंचावर दगडी कडं, आणि भरीव रबरी चेंडू त्यातून घालवायचा तो बहुधा कमरेने. भिंतीवर शिरच्छेद झालेला खेळाडू कोरलाय, त्याच्या मानेतून रक्ताचे साप निघालेत. हरलेल्याचं मुंडकं की जिंकलेल्याचं, यावर गाईड लोक हिरिरीने बोलतात. दगड काही बोलत नाही. वाटेवर दोन्हीकडे विक्रेते, आणि त्यांच्या जग्वारच्या डरकाळीच्या शिट्ट्या. पहिल्या डरकाळीला दचकायला होतं, चाळिसाव्या डरकाळीला डोकं उठतं.

बरेच ग्रुप इथूनच मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. पिरॅमिडपासून उत्तरेला तीनेकशे मीटरचा एक जुना रस्ता जातो. असल्या रस्त्याला मायात 'सकबे' म्हणतात, म्हणजे पांढरा रस्ता. तो एका भल्यामोठ्या खड्ड्यापाशी संपतो. साठ मीटर व्यास, उभे कडे, आणि वीस मीटरहून जास्त खाली हिरवंगार, गप्प पाणी. 'चिचेन इत्झा' या नावाचा अर्थच 'इत्झांच्या विहिरीच्या तोंडाशी'. म्हणजे आधी विहीर, मग शहर, आणि पिरॅमिड त्यानंतरचा. पिण्याच्या पाण्यासाठी दुसरा सेनोटे होता. हा पावसाच्या देवाचा, चाकचा.

अमेरिकन कॉन्सल राहिलेल्या एडवर्ड थॉम्पसनने ही आख्खी जागाच विकत घेतली आणि १९०४ पासून या विहिरीचा तळ उपसला. सोनं, जेड, धूप आणि माणसांची हाडं वर आली. बराचसा ऐवज हार्वर्डच्या पीबडी म्युझियममध्ये गेला, त्यातला थोडा पुढे मेक्सिकोला परत मिळाला. तेव्हापासून 'सुंदर कुमारिकांचा बळी' ही कथा टूरवाल्यांनी घासून गुळगुळीत केली. पण याच विहिरीजवळच्या एका भुयारी टाक्यात १९६७ मध्ये मुलांची हाडं सापडली होती. त्यातल्या ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. सगळेच्या सगळे मुलगे. बहुतेक तीन ते सहा वर्षांचे, बरेचसे एकमेकांचे नातलग, आणि त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. जवळच्या तिशकाकालतुयुब गावातल्या आजच्या माया लोकांचेही नमुने घेतले होते. त्यांचं नातं या मुलांशी जुळलं.

आमचा गाईड हे सांगताना आवाज चढवत नव्हता, हातवारे करत नव्हता. पिरॅमिडपाशी जोक मारणारा माणूस इथे घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत होता. कॅमेरे आपोआप खाली गेले.

त्यानंतर बुफे लंच. फारसं सांगण्यासारखं काही नाही. शाकाहाऱ्यांनी काळ्या घेवड्याची उसळ, भात आणि मक्याच्या टॉर्टियांवर भागवावं, तोंडी लावायला हाबानेरो मिरचीची चटणी आहेच. ती कोल्हापूरकरांनीही बेताने घ्यावी. टॉर्टियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, म्हणून त्याला तो वेगळा वास. आमच्या टूरवाल्यांनी जेवणाआधी एका महागड्या दुकानात पाऊण तास डांबलं, तो पाऊण तास सेनोट्याच्या वाट्याचा होता, हे मात्र नोंदवून ठेवते.

आणि मग इक किल. चिचेन इत्झापासून तीनेक किलोमीटर. आधी शॉवर घ्यावाच लागतो, अंगावरचं सनस्क्रीन पाण्यात जायला नको म्हणून. मग कातळात खोदलेल्या ओल्या पायऱ्यांनी खाली, खाली, आणखी खाली. पाणी जमिनीपासून सव्वीस मीटर खोल. वरून गोल आभाळ, कडांवरून पाण्यापर्यंत लोंबणाऱ्या वेली आणि मुळं, मधूनच ठिबकणाऱ्या धारा, पायाशी फिरणारे काळे मासे. पाणी पहिल्या क्षणी गार लागतं, मग सोडवत नाही. खाली अजून चाळीसेक मीटर काळोख आहे, हे आठवलं की पोटात गोळा येतो. लाइफ जॅकेट सक्तीचं, त्यामुळे बुडायची भीती नाही. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना तर माहेरी आल्यासारखं वाटेल. मी पाठीवर पडून वर बघत राहिले. वर कुठेतरी ऊन होतं, बसेस होत्या, शिट्ट्या होत्या. खाली फक्त पाण्याचा आवाज.

पण हे पाणी स्विमिंग पूलचं नाही. जमिनीखाली सगळं एकमेकांना जोडलेलं, आणि आसपासची गावं, हॉटेलं आणि शेतं त्याच पाण्यावर. एकीकडे काही सांडलं तर दुसरीकडे निघतं. होमून नावाच्या, सेनोट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या माया गावाशेजारी ४९ हजार डुकरांचा फार्म सुरू झाला, तेव्हा गावातल्या मुलांच्या नावाने खटला दाखल झाला. २०१८ मध्ये कोर्टाने फार्मचं काम थांबवलं आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती स्थगिती कायम ठेवली. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'माया ट्रेन'चं चिचेन इत्झाला स्टेशन आहे, सोयीचं आहे. पण कॅन्कूनच्या दक्षिणेला तिचा ट्रॅक उभा करताना लोखंडी खांब थेट गुहांमधून खाली ठोकले गेले, आणि गुहांत उतरणारे पाणबुडे त्याविरुद्ध अजूनही बोलतायत. गाईडला विचारलं, ट्रेन चांगली की वाईट? त्याने आधी ड्रायव्हरकडे पाहिलं. पुतण्याला तिथे नोकरी लागलीय, म्हणाला. आणि विषय बदलला.

शेवटचा स्टॉप व्हायादोलिद. इथे टूर चाळीस मिनिटं देते, त्यात चर्च, चौक आणि मार्केसिता, म्हणजे चीज घातलेली कुरकुरीत गुंडाळी. चर्चपासून चालत काही मिनिटांवर, भर शहरात, साकी नावाचा सेनोटे आहे. स्पॅनिश येण्यापूर्वी या गावाचं नावच साकी होतं.

जाणार असाल तर बुकिंग करताना तीन गोष्टी विचारून घ्या. प्रवेशाचं तिकीट पॅकेजमध्ये आहे का (परदेशी पाहुण्यांना दोन वेगवेगळ्या फी पडतात, ती रक्कम बऱ्यापैकी असते). सेनोट्यावर नेमका किती वेळ मिळणार. आणि वाटेत दुकान आहे का. साइट सकाळी आठला उघडते, तेव्हा पोचणारी छोटी टूर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. रविवार टाळा, मेक्सिकन नागरिकांना सवलत असल्याने गर्दी असते. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट न्या. सुटे पेसो जवळ ठेवा. आणि 'दिओस बोओतिक' एवढं पाठ करून जा, मायात त्याचा अर्थ धन्यवाद. आमच्या ड्रायव्हरने ते ऐकून हॉर्न वाजवला होता.