बेट आणि बेत

माणसांसारखे बेतांचेही वाढदिवस करायची पद्धत असती, तर आमच्या ग्रीसच्या बेताने तिशी ओलांडल्याबद्दल मला एव्हाना पेढे वाटावे लागले असते. हा बेत जन्मला १९९४ साली, कल्याणच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात. मी इतिहास शिकवीत असे. भिंतीवरच्या नकाशात पट्टीच्या टोकाने एजियन समुद्रातली बेटे दाखवीत होतो, तोच मागच्या बाकावरून एक पोरगा उठला नि म्हणाला, "सर, ही बेटं आहेत की नकाशावर शाई उडालीय?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी एका जुन्या पाकिटावर ‘ग्रीस’ असे लिहिले, आत पन्नास रुपये घातले आणि ते पाकीट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले.

त्या पाकिटाचा पुढचा इतिहास ग्रीसच्या इतिहासाइतकाच उलथापालथीचा आहे. १९९७ साली ते ब्लॉकच्या अनामतीत गेले. पुन्हा भरत आले, तर २००४ साली चिरंजीवांच्या इंजिनियरिंगच्या फीमध्ये गेले. २०१२ साली आईच्या आजारपणात गेले. उरलेसुरले २०२० च्या करोनात गेले. प्रत्येक वेळी पाकीट रिकामे केले मीच, आणि प्रत्येक वेळी कारण उत्तम होते. वाईट कारणासाठी बेत पुढे ढकलणारा माणूस कधीतरी शरमतो तरी. उत्तम कारणे असलेल्या माणसाला जन्मभर शरमण्याची वेळच येत नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे माझे वाक्य आमच्या घरात देवघरातल्या समईसारखे कायमचे होऊन बसले होते.

यंदा आषाढात सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, "चालणं सोडू नका. पण दोनेक वर्षांनी ऑपरेशनचा विचार करावा लागेल." परतताना रिक्षात ही गप्प होती. मी धीराचे काहीतरी बोलायच्या तयारीत होतो, एवढ्यात ही म्हणाली, "अहो, त्या पाकिटात आता किती आहेत?"

"कुठल्या?"

"असं काय करता? ग्रीसच्या. माझे गुडघे तुमच्या ‘पुढच्या वर्षी’साठी थांबायचे नाहीत."

आणि अशा रीतीने, वाचकहो, आमच्या जेवणाच्या टेबलावर ग्रीसचा नकाशा पसरला गेला.

आता तुम्ही म्हणाल, ग्रीसचे बेट म्हणजे एखादे नाव घ्यायचे नि निघायचे. तसे नाही हो! ग्रीसच्या पदरी लहानमोठी मिळून सुमारे ६००० बेटे आहेत आणि त्यांतल्या सव्वादोनशेंच्या आसपास बेटांवर माणसे राहतात. मुलीसाठी आलेल्या स्थळांप्रमाणे प्रत्येकाची काही ना काही ख्याती, आणि प्रत्येकात काही ना काही खोट.

चिरंजीवांनी पुण्याहून मोबाईलवर सांतोरिनीचे फोटो धाडले. कड्यावर ओळीने पांढरी घरे, निळे घुमट, खाली निळाशार समुद्र. हा कडा म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीच्या विवराची कड आहे. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तो फुटला आणि बेटाचा मधला भागच समुद्रात गेला. राखेखाली गाडलेले अक्रोतिरी नावाचे गाव १९६७ पासून स्पिरिदोन मारिनातोस यांनी खणून काढायला घेतले. दुमजली घरे, भिंतींवर रंगीत चित्रे, धान्याचे रांजण, सारे जिथल्या तिथे सापडले. माझ्यातला मास्तर हे वाचून हरखून गेला. पण त्याच्यामागून माझ्यातला नवरा वाचू लागला. जुन्या बंदरापासून गावात चढायला पाचशेऐंशीच्या वर पायऱ्या. पायऱ्या नकोत तर दोराच्या पाळण्याची सोय आहे, ती ठीक. पण त्या कड्यावरच्या गावांत वर गेल्यावरही पायऱ्याच पायऱ्या. मोसमात मोठाल्या जहाजांतून माणसांची एवढी रीघ लागते, की २०२५ पासून सांतोरिनीवर अशा प्रवाशांकडून खास कर घेऊ लागले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिथे भूकंपाच्या धक्क्यांची माळच लागली होती आणि हजारो लोक काही दिवस बेट सोडून गेले होते.

"धक्के थांबलेत ना आता?" मी समर्थन करू लागलो.

"धक्क्यांचं मला काही नाही," ही म्हणाली. "पायऱ्यांचं बोला. त्या थांबल्यात का?"

सांतोरिनी बाद झाले. मिकोनोस रात्री जागवण्यासाठी प्रसिद्ध. आमची रात्र साडेनऊला संपते. त्याच्या शेजारचे देलोस मला फार आवडले. अपोलोचे जन्मस्थान ते. प्राचीन काळी अथेन्सवाल्यांनी ते बेट शुद्ध ठेवण्यासाठी तिथल्या कबरी हलवल्या आणि कायदाच केला, की देलोसवर कोणी जन्म घ्यायचा नाही नि कोणी मरायचेही नाही. मी हे मोठ्या भक्तिभावाने वाचून दाखवले.

"म्हणजे सोयर नाही, सुतक नाही!" हिने मटार सोलता सोलता निकाल दिला. "किती सोयीचं! पण मग तिथे मुक्कामाची सोय नसणार."

खरोखरच नाही. देलोसला दिवसा जायचे, अवशेष पाहायचे आणि परतायचे.

अशी गाळणी करता करता उरले नाक्सोस. सिक्लाडीस म्हणतात त्या बेटांच्या मेळ्यातले हे सर्वांत मोठे. मधोमध हजार मीटर उंचीचा डोंगर, त्याच्या कुशीत गावे, पश्चिमेला लांबलचक सपाट वाळूचे किनारे. पायऱ्या आहेत, पण त्या जुन्या किल्ल्याकडे. ज्याला चढायचे त्याने चढावे. आणि नाक्सोसचे बटाटे सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेले!

"बटाटे खायला युरोपात जायचं?" ही म्हणाली. मग क्षणभर थांबून, "चला, म्हणजे चतुर्थीची चिंता मिटली."

खाण्याची चिंता मीही थोडी करून ठेवली होती. ग्रीक माणूस मासेमटण खाणारा असला तरी त्याच्या धर्मातही उपासाचे दिवस पुष्कळ, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ त्याला परके नाहीत. पिवळ्या डाळीचे घट्ट घोटलेले वरण, त्यावर ऑलिव्हचे तेल नि चिरलेला कांदा. त्याला ते फावा म्हणतात. भात भरून भाजलेले टोमॅटो नि ढोबळी मिरच्या. उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू. भरली वांगी करणाऱ्या घरातल्या माणसाने घाबरावे असे त्यात काही नाही.

आता नाक्सोसची पुराणकथा. बंदरात शिरताच एका लहानशा टेकाडावर संगमरवराची भली थोरली चौकट उभी आहे. तिला पोर्तारा म्हणतात, उंची सुमारे ६ मीटर. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास लिग्दामिस नावाच्या तिथल्या सत्ताधीशाने अपोलोचे मोठे देऊळ बांधायला घेतले. त्याची सत्ता गेली नि काम थांबले ते थांबलेच. पुढे शेकडो वर्षांनी व्हेनिसचे सरदार आले; देवळाचे पुष्कळसे दगड किल्ल्याच्या बांधकामात गेले. राहिली ती एवढी चौकट. देऊळ नाही, भिंत नाही, नुसते दार आणि दारातून दिसणारा समुद्र. याच बेटाच्या उत्तरेला अपोलोनास गावी खाणीतच एक अर्धवट कोरलेला पुतळा आडवा पडला आहे, १० मीटरहून लांब. तोही कधी उठला नाही.

"बेट तुमच्याच स्वभावाचं निवडलंत," ही म्हणाली. "पण त्यांनी निदान दार तरी उभं केलं. तुमची तीस वर्षांत चौकटसुद्धा लागली नाही."

मी घाईने विषय बदलून थीसियसची गोष्ट सांगितली. क्रीटच्या राजकन्येने, आरियाद्नीने, त्याला दोऱ्याचे गुंडे देऊन चक्रव्यूहातून सोडवले. तिला घेऊन तो निघाला आणि वाटेत नाक्सोसला ती झोपली असताना तिला सोडून निघून गेला.

"झोपेत? बायकोला?" हिने मटार बाजूला ठेवले. "परतीची तिकिटं माझ्याकडे राहतील."

महिना ठरवणे याहून अवघड निघाले. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, शिवाय गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. सप्टेंबरात समुद्राचे पाणी छान कोमट, पण आमच्याकडे गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. मे महिन्यात पाणी गार असते, पण हवा सुखाची, डोंगर हिरवे, रानफुले असतात. फक्त मेमध्ये आंबा असतो, तो इथे. यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी हिने सांगितले, पहिल्या पंधरवड्यात दोन पेट्या संपवायच्या नि मग निघायचे.

कागदपत्रांचे सांगायचे तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. १५ दिवसांच्या आत मात्र घेत नाहीत. माणशी ९० युरो फी, वर निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा. बँकेचे उतारे, तिकिटे, राहण्याच्या जागेची पत्रे. ‘तुम्ही परत येणारच हे कशावरून?’ या प्रश्नाला पुरावा लागतो. परत येण्याचा पुरावा म्हणून माणसाने काय द्यावे? घरी तुळस आहे, नात आहे, दिवाळी अंक यायचे आहेत!

हे चालले असताना मला आमच्या गावाची जुनी हकीकत आठवली. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची पुस्तिका लिहिली. तीत पैठण आहे, तेर आहे आणि आमचे कल्याणही आहे. तो लिहितो, की तिथला व्यापार आता अडवलेला आहे. चुकून कुणी ग्रीक जहाज तिथे लागलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे व्हिसाची भानगड आम्ही कल्याणकरांनीच सुरू केली म्हणायची! तरीही ती माणसे येत राहिली. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे आजही वाचता येतात. त्यांनी भेट दिली, परतभेट मात्र आमच्याकडून राहिली. दोन हजार वर्षे उशीर म्हणजे जरा जास्तच झाला. त्यापुढे माझी तीस वर्षे किरकोळ, असे मी हिला म्हणून पाहिले. ही हसली नाही.

मग प्रवासाचे कोष्टक करायला बसलो. अथेन्समध्ये तीन रात्री, नाक्सोसला सहा. अथेन्सहून नाक्सोसला लहान विमान जाते. मी हिच्या गुडघ्यांच्या विचाराने विमान लिहिले.

"बोट नाही का जात?" हिने विचारले.

"जाते की. पिरेअस बंदरातून. पण मोठ्या बोटीला साडेपाच तासांच्या आसपास लागतात."

"साडेपाचच?" ही म्हणाली. आणि मग, बेचाळीस वर्षांच्या संसारात मी कधी ऐकली नव्हती अशी गोष्ट हिने सांगितली. सात वर्षांची असताना ही आजीबरोबर मुंबईहून बोटीने रत्नागिरीला गेली होती. डेकवर वळकटी पसरून, आजीच्या कुशीत, रात्रभर जागी. पहाटे बोट दूर समुद्रात उभी राहिली, पडाव आले, नि खलाशाने हिला उचलून खाली दिले तेव्हा खाली काळे पाणी नि वर शुक्राची चांदणी. पुढे ती बोट बंद झाली, आजी गेली, एसटी आली.

"तुमचं ते अपोलोचं मला काही कळत नाही," ही म्हणाली. "पाकिटात पैसे टाकायचे ते मी बोटीसाठी टाकत होते."

मी पाकीट रिकामे करी त्याचा हिशेब मला पाठ होता. भरताना त्यात हिचेही पैसे पडत होते, आणि कशासाठी पडत होते, हे मी तीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते. तीस वर्षे मी स्वतःच्याच नकाशावर पट्टी फिरवीत राहिलो. विमान खोडले नि बोट लिहिली.

आता एक गोष्ट मात्र मी अनुभवाविना, नुसत्या वाचनावर सांगतो, कारण ग्रीसच्या बेटावर जाऊ पाहणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल. वारा फार वाढला की बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत. मेमध्ये असे क्वचित होते, पण होते. म्हणून बेटावरून उतरून त्याच दिवशी परतीचे विमान गाठायचा अट्टहास करू नये. मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. उत्तम कारणे शोधणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मोकळा दिवस म्हणजे मोठे संकट. मी त्या रकान्यात अथेन्समधली दोन वस्तुसंग्रहालये लिहिली. हिने रबराने ती खोडली आणि तिथे आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, ‘वारा’.

कोष्टक आता फ्रीजवर लावले आहे. तारखांचा हिशेब केला, तर अर्ज भाऊबीज झाल्यावर लगेच करता येतो. फोटो काढून आणले आहेत. त्यांत आम्ही दोघेही नुकतीच चोरी पकडल्यासारखे दिसतो, पण तसेच लागतात म्हणे. ग्रीक भाषेत ‘हो’ला ‘ने’ म्हणतात, एवढे मी शिकलो आहे. काल संध्याकाळी चकलीच्या भाजणीला बसलेल्या हिला मी ते सांगितले.

"ने?" ही म्हणाली. "बरोबर आहे. मी तीस वर्षं तुम्हाला दुसरं काय सांगत होते?"