झेनचं माहेर

मंडळी, तुमच्या मुलांनी शाळेतून कधी 'झेन' हा शब्द घरी आणलाय का? इथे अमेरिकेत तो सगळीकडे भेटतो. झेन गार्डन, झेन म्युझिक, फोनमधलं एखादं झेन ॲप. आमच्या लेकीला तो जपानी शब्द वाटायचा. आहेच तो जपानी, पण त्याचं माहेर आपल्याकडचं!

संस्कृतात 'ध्यै' हा धातू आहे. त्याचा अर्थ मन लावून चिंतन करणं. त्यावरून झालं 'ध्यान'. पालीत त्याचं 'झान' झालं. बौद्ध भिक्खूंबरोबर तो चीनमध्ये गेला, तिथे 'चान-ना' आणि मग नुसता 'चान' झाला. कोरियात 'सॉन', व्हिएतनाममध्ये 'थिएन', जपानात 'झेन'.

आणि मराठीनं काय केलं? ध्यानाला आसनावरून उठवलं आणि थेट स्वयंपाकघरात आणलं. 'ध्यानात ठेव गं.' 'ध्यानीमनी नसताना पाहुणे आले.' वारकऱ्यांच्या अभंगात विटेवरच्या विठ्ठलाचं रूप म्हणजे ध्यान. आणि केस पिंजारलेलं, उलटा शर्ट घातलेलं पोरगं समोर आलं की आजी म्हणते, 'काय ध्यान दिसतंय!' इतका खोल विचाराचा शब्द, पण आपण त्याच्याशी घरच्यासारखे वागतो.

हे सगळं आज का सांगतेय? आमची लेक 'ध्यान'ला 'द्यान' म्हणते. व्हिडिओ कॉलवर कुणीतरी हसतं. हसणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण तिचं पुढचं वाक्य इंग्रजीत येतं. आणि त्यापुढच्या कॉलला ती नुसता हात हलवून निघून जाते. तुमच्याकडेही होतं ना असं?

अशा वेळी मला तो 'चान' आठवतो. चिनी लोकांनाही 'ध्यान' कुठे नीट म्हणता आलं? जिभेला जमलं तसं म्हणाले, पण म्हणत राहिले. जपान्यांनी आणखी बदललं, तेही म्हणत राहिले. उच्चार बदलला म्हणून शब्द मेला नाही. बोलणंच थांबलं असतं तर मात्र मेला असता.

म्हणून आमच्या घरी आता एक नियम आहे. मूल मराठीत बोलत असताना मध्येच उच्चार सुधारायचा नाही. आधी वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, मग उत्तर देताना तोच शब्द आपण नीट म्हणायचा. बस्स. आजी-आजोबांनाही हे प्रेमानं सांगून ठेवलंय.

तुमच्या मुलांनी आपल्या जिभेला जमतील असे कुठले मराठी शब्द घडवलेत? खाली नक्की लिहा. हसणार नाही, ध्यानात ठेवू!