गाल्यातले शुक्रवार

मस्कतमध्ये ‘गाला’ नावाचा एक भाग आहे. भारतातल्या नातेवाइकांना फोनवर पत्ता सांगितला की पलीकडून हमखास प्रश्न येतो, “गाल? कोणाचा गाल?” अरबीत या नावाचे पहिले अक्षर ग आणि घ यांच्या मधूनच कुठून तरी, थेट घशातून उमटते. ते आपल्या जिभेला झेपत नाही, म्हणून इथली आपली मंडळी सरळ ‘गाला’ म्हणतात आणि मोकळी होतात. या गाल्यात बसून आम्ही पाच जण गेली काही वर्षे माणसांचे गाल, नाक, डोळे कागदावर उतरवण्याच्या खटपटीत आहोत. तेव्हा नाव तसे सार्थच म्हणायचे!

पर्यटकांच्या नकाशात गाला फारसा सापडायचा नाही. मुंबईहून विमानाने अडीच-तीन तासांत मस्कत येते. विमानतळावरून शहराकडे निघाले की डाव्या हाताला समुद्राच्या अंगाला अझैबा लागते, आणि उजव्या हाताला डोंगराच्या पायथ्याशी गाला. पुढे थोड्याच अंतरावर सुलतान काबूस भव्य मशीद आहे. २००१ साली तिचे उद्घाटन झाले. तिच्या बांधकामाला तीन लाख टन वालुकाश्म लागला आणि तो आपल्या भारतातून आला, हे पाहुण्यांना सांगताना आमची छाती उगाचच फुगते. पाहुणे मशीद पाहतात, मत्रहच्या बाजारात लोबान घेतात आणि परत जातात. गाल्यात येतात ती गाडी दुरुस्तीला टाकणारी माणसे. गॅरेजे, गोदामे, अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचे कारखाने, सुतारांचे गाळे अशी ही औद्योगिक वसाहत. तिला लागून राहत्या इमारती, चर्चचे आवार, एक गोल्फचे मैदान, आणि एरवी कोरडी ठणठणीत पण पाऊस आला की रस्ता अडवून बसणारी वादी. मागे हजर पर्वताच्या उघड्याबोडक्या, चॉकलेटी टेकड्या. झाड औषधालाही नाही. पण सकाळी आठच्या उन्हात त्यांच्यावर जी सावली पडते, तिच्यात जांभळा, निळा, राखाडी असे इतके रंग असतात, की कधीकाळी शाळेत ‘एलिमेंटरी-इंटरमिजिएट’ दिलेल्या कुठल्याही मराठी माणसाचा हात शिवशिवावा.

आमचे नेमके तेच झाले. आम्ही पाच जण म्हणजे तीन इंजिनिअर, एक हिशेबनीस आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या एक वहिनी. सगळे चाळिशी ओलांडलेले, आणि सगळ्यांना चाळिशी लागलेली! मराठीत वय आणि चष्मा या दोहोंना एकच शब्द आहे, ही मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. सगळ्यांच्या माळ्यावर कुठे ना कुठे कॅमलच्या रंगांची पेटी आणि ग्रेड परीक्षेचे प्रमाणपत्र पडलेले. दहावीनंतर “आता चित्रं पुरे, अभ्यासाला लागा” हे वाक्यही सगळ्यांनी ऐकलेले. पुढे इंजिनिअरिंग, मग परदेशी जाऊन मास्टर्स, मग नोकरी, लग्न, पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते, मुलांची शाळा. या सगळ्यात पेन्सिल हातात होती, पण ती पाइपलाइनचे आराखडे दुरुस्त करायला.

मग एका घरातला मुलगा कॉलेजसाठी पुण्याला गेला आणि उत्तरेकडच्या खिडकीची एक खोली रिकामी झाली. रिकामी खोली रोज उघडून बघायची आणि दार लोटून घ्यायचे, असे काही आठवडे त्या घरात चालले. शेवटी वहिनी म्हणाल्या, “तिथे बसून काहीतरी करा बाई, नाहीतर मी ती खोली भाड्याने देते.” अशी आमची चित्रशाळा सुरू झाली.

ओमानमध्ये पूर्वी गुरुवार-शुक्रवार सुटी असे, २०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाली. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत सगळे गाव झोपलेले असते. गॅरेजांची शटर्स बंद, रस्त्यावर गाडी नाही. साडेआठ ते साडेअकरा हे तीन तास आम्ही धरले. “वेळ कुठून आणता हो?” असे जो तो विचारतो. इंजिनिअर असल्याने आम्ही हिशेब मांडून ठेवला आहे. आठवड्याचे तास १६८. त्यातले तीन म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. रमझान, भारतातली सुटी, पाहुणे, आजारपण वजा जाता वर्षाचे ३५ शुक्रवार हाती लागतात, म्हणजे १०५ तास. एवढ्या तासांत कोणी हळदणकर होत नाही, पण हात गंजायचा थांबतो.

आणि ‘निवृत्तीनंतर करू’ या म्हणण्याचे काय? आखातातल्या माणसाला हे वाक्य फार जवळचे. इथला आपला मुक्काम नोकरीच्या व्हिसावर. त्यामुळे संगीत, चित्रकला, वाचन, सगळे ‘परत गेल्यावर’च्या कपाटात ठेवलेले असते. पण डोळ्याचे भिंग कोणाची निवृत्ती होईपर्यंत थांबत नाही. व्यक्तिचित्र काढताना सहा फुटांवरचे माणूस आणि दीड फुटावरचा कागद आळीपाळीने पाहायचा असतो. चाळिशीत ही कसरत चष्म्याने भागते, साठीत काय होईल ते साठीलाच ठाऊक. रवींद्रनाथांचे पहिले मोठे चित्रप्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरले तेव्हा ते सत्तरीला टेकले होते, आणि चर्चिलने पहिल्यांदा ब्रश हातात धरला तो १९१५ साली, चाळिसाव्या वर्षी, राजकारणात सपाटून आपटल्यावर. पण ही नावे धीर यावा म्हणून घ्यायची. त्यांच्याकडे बोट दाखवून आपली सुरुवात पुढे ढकलायची नाही.

निसर्गचित्रे सोडून माणसेच का? एक कारण इथल्या भिंती. ओमानमध्ये व्यक्तिचित्राची गाठ पहिल्याच दिवशी पडते. बँकेत, दवाखान्यात, किराणा दुकानात सुलतानांची तसबीर असते. सुलतान काबूस यांनी १९७० पासून जानेवारी २०२० मध्ये निधन होईपर्यंत राज्य केले. वेगवेगळ्या काळातल्या त्यांच्या तसबिरी पाहत गेलो की तीच काळी दाढी हळूहळू पांढरी होत गेलेली दिसते. त्यांच्यामागून आलेल्या सुलतान हैथम यांची तसबीर आता शेजारी लागलेली असते. पन्नास वर्षे चेहऱ्यावरून कशी जातात, हे आम्ही असे किराणा घेता घेता शिकलो.

दुसरे कारण घरचे. आपल्याकडे व्यक्तिचित्रणाची परंपरा केवढी मोठी! जे. जे. स्कूल १८५७ चे. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांतले सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. हातात समई आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड, ते त्यांचे प्रसिद्ध चित्र अनेक जण रविवर्म्याचे समजतात. ते हळदणकरांचे, १९४५-४६ च्या सुमाराचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि तैलरंगात नव्हे तर जलरंगात आहे. त्यातली स्त्री म्हणजे त्यांची मुलगी गीता, पुढच्या गीताताई उपळेकर. त्या १०२ वर्षांच्या होऊन २०१८ साली कोल्हापूरला वारल्या. मुंबईच्या वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च ड्रेपर पुरस्कार मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्राबद्दल. म्हणजे एकाची मुलगी, दुसऱ्याची पत्नी. मॉडेल शोधायला दोघांनाही उंबरठा ओलांडावा लागला नाही. आम्हाला तर हे फारच सोयीचे वाटले.

तंत्राचे म्हणाल तर इंजिनिअरला सुरुवात सोपी जाते, पुढचे अवघड. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. नवख्याच्या कागदावर ते हमखास वर चढतात, कारण कपाळात बघण्यासारखे काही नाही असे त्याला वाटते. समोरून पाहिले तर चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी. ही मापे आम्ही झटकन शिकलो. पण माप जमले तरी माणूस येत नाही. तो येतो उजेड-सावलीच्या सीमेवर, गालाच्या हाडाखाली. तिथे पिवळी माती, तांबूस मातकट रंग आणि कणभर निळा, एवढ्या तिघांचे भांडण नीट मिटवावे लागते. प्रकाश उत्तरेचा चांगला म्हणतात, कारण तो स्थिर असतो. पण कर्कवृत्त मस्कतच्या जरासेच दक्षिणेने जाते. त्यामुळे जूनमध्ये सकाळी आमच्या उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येते आणि मॉडेलच्या नाकाची सावली तासाभरात जागा बदलते. म्हणून उन्हाळ्यात कोळशाची रेखाटने, आणि रंग ऑक्टोबर ते मार्च. टर्पेंटाइनच्या वासाने बंद एसीच्या खोलीत डोकी धरतात, म्हणून तैलरंग नाहीतच.

समोर बसायला माणसे कुठली? वसाहतीतच मिळाली. आमची ईझल्स गोरखपूरकडच्या एका सुताराने लाकडी पॅलेटच्या फळ्यांतून करून दिली. त्याला बसवले तर तो पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ! वर अट एकच, केस काळे काढायचे. दोन वर्षांत घरी गेलेला नव्हता. चित्र आधी घरी पोहोचले, केस काळे असलेले. शेजारचे एक निवृत्त ओमानी गृहस्थ खजूर आणि काहव्याचा थर्मास घेऊन येतात आणि सफाईदार हिंदीत गप्पा मारतात. त्यांच्या कुम्म्यावरची, म्हणजे भरतकामाच्या टोपीवरची नक्षी काढण्यात आमचा अख्खा शुक्रवार गेला, तेव्हा ते म्हणाले, “टोपी मेरी बीवी ने बनाई है, नाक अल्लाह ने. पहले नाक देखो.” याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात असेल असे वाटत नाही.

एका हिवाळ्यात आमच्यातल्या एकाची आई व्हिजिट व्हिसावर आल्या. पाटण तालुक्यातल्या, सत्तरीच्या. “माझं काय चित्र काढता, नातवाचं काढा,” म्हणत शेवटी बसल्या, पण मेथीची जुडी मांडीवर घेऊनच. हात कामात असले की माणूस चेहरा विसरते, त्यामुळे आमचे काम सोपे झाले. आम्ही पाच जण अर्धवर्तुळात बसलो होतो. डाव्या टोकाला बसलेल्या वहिनींनाच त्यांच्या डाव्या भुवईतली बारीक खोक दिसत होती. वहिनींनी विचारले, “काकू, हे कशाचं?”

“ते होय? भूकंपाचं.”

कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. काकू बारा वर्षांच्या. आढ्यावरचे कौल सुटून भुवईवर बसले. त्यांच्या वडिलांनी त्यांना खांद्यावर टाकून बाहेर आणले, आणि उजाडेपर्यंत सगळे गाव शेतात बसून होते. मेथी निवडता निवडता हे सगळे त्यांनी सांगितले. मुलगा पेन्सिल खाली ठेवून ऐकत होता. पंचेचाळीस वर्षांत त्याने हे पहिल्यांदा ऐकले. “आई, कधी बोलली नाहीस?” त्यावर त्या म्हणाल्या, “एवढं काय सांगायचं त्यात? त्या दिवशी माणसं गेली. माझी नुसती भुवई फुटली.” आणि पुढची काडी उचलली.

त्या दिवसापासून आमच्यातला ‘छंद की वेळेचा अपव्यय’ हा वाद बंद झाला. आपण आपल्या माणसांकडे पाहतो ते ‘जेवलीस का, औषध घेतलंस का’ एवढ्यापुरते. सलग दोन तास कोणाच्या चेहऱ्याकडे बघत बसण्याची मुभा आपल्या संस्कृतीत तान्ह्या बाळाला आहे आणि चित्रकाराला आहे. बाकी कोणी बघू लागला तर लोक विचारतात, “काय झालं?” व्हिडिओवर आईवडील रोज दिसतात खरे, पण कॅमेरा त्यांनी कपाळाकडे धरलेला असतो आणि आपले अर्धे लक्ष घड्याळाकडे. भारत दीड तास पुढे, त्यांची झोपायची वेळ झालेली.

आखातात आणखी एक गोष्ट आहे. इथे कोणी कायमचे राहत नाही. कंत्राट संपले की गाशा गुंडाळायचा. निरोपसमारंभ, खंजीर कोरलेली तसबीर, विमानतळावर फोटो, आणि वर्षभरात चेहरा पुसट. गेल्या वर्षी आमच्यातले हिशेबनीस सांगलीला कायमचे परतले. जाण्याआधीचे तीन शुक्रवार आम्ही चौघांनी त्यांनाच समोर बसवले. चारी चित्रे वेगवेगळी आली. एकात ते रागीट, एकात झोपाळू, एकात दहा वर्षांनी तरुण. चौथ्यात मात्र ते हुबेहूब होते, गालातल्या गालात हसणारे. ते चित्र त्यांनी नेले नाही. म्हणाले, “हे इथे राहू दे. मी इथे होतो याला पुरावा नको का?” आता ते त्या खोलीत भिंतीवर आहे, आणि सांगलीहून दर शुक्रवारी विचारणा येते, “आज कोण बसलंय?”

वाचक मंडळी, तुमच्या गावी बर्फ पडत असेल, गाला नसेल. पण रिकामी झालेली एक खोली, माळ्यावरची पेटी आणि समोर बसायला एखादे जुने माणूस बहुतेक घरांत सापडते. एक बी पेन्सिल, एक खोडरबर, हार्डबोर्डचा तुकडा आणि दोन चिमटे, एवढे सामान पुरते. आणि कधी मस्कतला आलात तर मशीद पाहून झाल्यावर उलट वळा आणि गाल्यात या. चहा आहे, खजूर आहेत, सांगलीकरांची खुर्चीही रिकामी आहे. फक्त तासभर न हलता बसायची तयारी ठेवा. केस हवे तर काळे काढून देऊ.