घर बंद असल्यास

त्या सर्वेक्षणाचा फॉर्म मीच तयार केला होता, तेव्हा खापर फोडायला दुसऱ्या कुणाचे डोके मिळणार नाही. गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती कोणत्या वयात किती आहे, हे आम्हाला मराठवाड्यातल्या काही गावांत तपासायचे होते. घरे निवडायची, रक्त घ्यायचे, सीरम वेगळे करून थंड डब्यातून प्रयोगशाळेत पाठवायचे. कागदावर सगळे सोपे होते.

वयाच्या रकान्यात मी '१ ते ५ वर्षे' असा एकच गट केला. गट वाढले की प्रत्येकात नमुने कमी पडतात, हे कारण मी बैठकीत सांगितले. ते खोटे नव्हते, पण तक्ता एका पानात बसवायचा होता, हेही तितकेच खरे. गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. नवव्या महिन्यातला डोस साधारण ८५ टक्के बाळांनाच लागू पडतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे काहींच्या अंगात अजून शिल्लक असतात आणि ती लशीतल्या विषाणूलाही थोपवतात. म्हणजे सव्वा वर्षाचे पोर उघडे असू शकते आणि चार वर्षांचे बहुधा सुरक्षित. मी दोघांना एका रकान्यात कोंबले. मोठ्यांनी धाकट्यांची उणीव झाकली आणि सरासरी छान दिसली.

मोठ्या माणसांबाबत माझा अंदाज तर चक्क उलटा होता. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस आली १९८५ साली. मग त्याआधी जन्मलेल्यांना संरक्षण कुठून असणार, असे मी धरून चाललो. निकाल आले तर जवळपास सगळे पॉझिटिव्ह. आईला सांगितले तेव्हा ती हसली. "अरे, आमच्या वेळी गोवर निघाला नाही असं पोर दाखव. दाराला कडुलिंबाचा डहाळा असायचाच." ती चाचणी आजारातून आलेली प्रतिपिंडे आणि लशीतून आलेली यांत फरक करत नाही, हे मी पुस्तकात वाचलेले होते. आईला वाचावे लागले नव्हते.

पण या दोन्ही चुका नंतर आकडेमोड बदलून थोड्याफार सावरता आल्या. खरी चूक फॉर्मच्या खाली, बारीक अक्षरांत होती: 'घर बंद असल्यास उजव्या हाताचे पुढचे घर घ्यावे.'

डिसेंबर होता. एका तांड्यावरून आमच्या सर्वेक्षक ताईंचा फोन आला. "सर, ओळीनं अकरा घरं बंद आहेत."

"मग पुढचं घ्या."

"पुढचं म्हणजे गावात जावं लागतंय."

"जा ना मग."

त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "इथं एक म्हातारी बसलीय. म्हणतीय, समदे कारखान्यावर गेलेत, लेकरंबी नेलीत."

मी म्हणालो, फॉर्मवर 'बंद' लिहा.

हंगामात आईबापांबरोबर उसाच्या फडात गेलेल्या लेकरांचाच डोस चुकण्याची शक्यता जास्त. ताईंनी ते मला न शिकवता सांगितले होते. मी मात्र त्या अकरा घरांच्या जागी गावातली अकरा घरे घेतली, जिथे आशाताई दर महिन्याला जातात आणि कार्ड भिंतीवर खिळ्याला टांगलेले असते. गोवर रोखायला ९५ टक्क्यांच्या आसपास लोक सुरक्षित लागतात. जी पोरे त्या उरलेल्यांत असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तीच मी माझ्या हाताने नमुन्यातून काढून टाकली. आणि हे काम नियमानुसार झाले, असेही लिहिले.

अहवाल फेब्रुवारीत गेला. तांड्यावरची माणसे एप्रिलमध्ये परतली.