तंजावरची मराठी

तंजावर म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे सोनेरी वर्खाची ती चित्रं (आता पुण्यातही त्यांचे वर्ग निघतात) आणि दुसरी म्हणजे व्यंकोजी. तोही कसा, तर थोरल्या भावाशी न पटलेला सावत्र भाऊ म्हणून. शाळेच्या पुस्तकात त्याला दोन-तीन ओळी होत्या. शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिणेत गेले, व्यंकोजीला भेटले, वाटणीवरून बिनसलं, झालं. पुढे व्यंकोजीचं काय झालं हे विचारावंसंही आपल्याला वाटत नाही.

तिथे गेल्यावर कळतं की तो त्यांचा पहिला राजा आहे. १६७५-७६ च्या सुमाराला त्याने तंजावर घेतलं आणि त्याच्या घराण्याचं राज्य १८५५ पर्यंत चाललं. म्हणजे सुमारे १८० वर्षं. पेशवाई बुडाल्यानंतरही हे लोक गादीवर होतेच, शेवटची काही वर्षं नुसती नावापुरती का होईना. आपल्या इतिहासाचं परिशिष्ट हा तिथल्या लोकांचा इतिहासाचा एक पूर्ण खंड आहे.

मराठी प्रवासी तंजावरला बहुतेक वेळा रामेश्वर-कन्याकुमारीच्या मधे येतो. मोठ्या देवळाला तास-दीड तास, राजवाड्याला अर्धा तास, की बस सुटली. गाईड सांगतो, शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. सगळे वर बघून मान डोलावतात. आम्ही दुपारी चार वाजता त्याच सावलीत बसून पाणी पीत होतो, त्यामुळे मला खात्रीने सांगता येईल की पडते, आणि चांगली गार असते. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं, दोनशे फुटांहून उंच असं ते विमान पाहिल्यावर अशा थापांची गरज का वाटते हे मला कळत नाही. असो.

आमचं जाणं जरा वेगळ्या कारणाने झालं. (नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, पण इतरांसाठी.) आम्ही बरीच वर्षं चेन्नईत आहोत. मुलगी इथेच वाढली. शाळेत इंग्रजी आणि तमिळ, घरी मराठी. मराठी अगदी फडाफडा बोलते, भांडते तर फारच शुद्ध, पण देवनागरी वाचत नाही. त्यामुळे दर सुट्टीत पुण्याला गेलो की कुणीतरी काका-मावशी वर्तमानपत्र तिच्यापुढे धरतात आणि मग माझ्याकडे बघतात. तर या मुलीने एकदा शाळेतून आजीला फोन केला, आणि शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "हे तर आमच्या घरातलं बोलणं!" मैत्रिणीचं आडनाव राव. दोघी दोन वर्षं एका बाकावर बसत होत्या आणि एकमेकींशी तमिळमध्ये बोलत होत्या. मैत्रिणीची आजी तंजावरला, राजवाड्याजवळच्या जुन्या रस्त्यावर राहते. पोंगलच्या सुट्टीत तिने आम्हालाही बोलावलं. एगमोरहून रात्रीची गाडी पकडली आणि गेलो.

आजी काय बोलत होत्या ते मी इथे माझ्याच मराठीत लिहितोय. त्यांच्या बोलीची नक्कल करायला गेलो तर ती उगाच विनोदी वाटेल, आणि त्या काही विनोद करत नव्हत्या. सूर तमिळ, वाक्य मराठी, आणि मधूनच एखादं रूप असं की मला पोथीची आठवण व्हावी. पहिली पाच मिनिटं मी हसू आवरत होतो. दहाव्या मिनिटाला लक्षात आलं की त्यांनाही माझं बोलणं तितकंच मजेशीर वाटतंय. माझ्या वाक्यात किती हिंदी आणि किती इंग्रजी असतं, हे त्यांनी मला मोजून दाखवलं.

"तुमचं गाव कोणतं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, मूळ वाई. मग मीही विचारलं. "कुठलं तरी असेल," त्या म्हणाल्या, "आम्हाला हेच."

महाराष्ट्रात त्या एकदाच आल्या होत्या, पंढरपूरला. फार हौसेने आल्या होत्या, की जन्मात पहिल्यांदा रस्त्यावर, दुकानात, सगळीकडे आपली भाषा ऐकायला मिळणार. तुळशीच्या माळा विकणाऱ्या माणसाला त्यांनी मराठीत भाव विचारला. त्याने हिंदीत उत्तर दिलं. त्यांनी परत मराठीत विचारलं. त्याने परत हिंदीत, जरा मोठ्याने. आजींना हिंदी येत नाही. शेवटी बोटांवर भाव ठरला. हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मला मात्र पुढचा घास गिळायला जरा वेळ लागला, कारण त्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, याची मला पुरती खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी सरस्वती महाल पाहिला. ग्रंथालयातलं फार थोडं पाहुण्यांना दिसतं, छोट्या संग्रहालयात मांडलेलं तेवढंच. पण तेवढ्यावरूनही दुसरे सरफोजी (१७७७-१८३२) काय माणूस होते याचा अंदाज येतो. माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून साम्य दाखवणारी फ्रेंच चित्रं, चिनी शिक्षांची चित्रं, ताडपत्रं, नकाशे. कंपनीने १७९९ मध्ये कारभार काढून घेतला आणि राजाला भरपूर मोकळा वेळ मिळाला. त्या वेळात या गृहस्थाने हजारो पुस्तकं जमवली, छापखाना काढला, डोळ्यांच्या रोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवल्या आणि जगाचा भूगोल शिकवणारं 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं नाटक मराठीत लिहिलं. नाटकाचंच म्हणाल तर व्यंकोजीचा मुलगा शाहजी याच्या दरबारात मराठी नाटकं होत होती, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'च्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी. तोच राजा तेलुगूतही लिहायचा. आणि सरफोजींच्या दरबारातल्या चौघा तमिळ भावांनी आजच्या भरतनाट्यम् मैफलीचा क्रम बसवला. "आपलं" म्हणून ज्यावर बोट ठेवावं, त्याला तिथे तीन-चार भाषांचे हात लागलेले असतात.

मोडीतले कागद मी काचेतून पाहिले. एक अक्षर लागलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या जर्मन जोडप्याइतकाच मी तिथे परका होतो.

संध्याकाळी आजी आमच्याबरोबर मोठ्या देवळात आल्या. प्राकाराच्या भिंतीवर, नैऋत्येच्या बाजूला, १८०३ चा तो प्रचंड मराठी शिलालेख आहे. सरफोजींनी कोरवून घेतलेला भोसल्यांच्या कुळाचा इतिहास. भिंतीमागून भिंत नुसती अक्षरांनी भरलेली. लिपी देवनागरी. लोक त्याच्यासमोर उभे राहून मंदिराचा फोटो काढतात, म्हणजे पाठ शिलालेखाकडे. आजी साठ वर्षं त्याच्यासमोरून प्रदक्षिणा घालताहेत. तो आपल्या भाषेत आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या वाचतात तमिळ. देवनागरी त्यांना येत नाही.

"वाचा ना," त्या म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. विरामचिन्हं नाहीत, शब्द कुठे तोडायचा ते कळत नाही. अक्षरं येत होती, पण अर्थ मागे राहत होता. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. एके ठिकाणी मी क्रियापदाच्या मध्येच तोडून पुढे गेलो, तर त्यांनी थांबवलं आणि ते जोडून म्हटलं. बरोबर होतं. मला ते जुनं, पुस्तकी रूप वाटलं होतं. त्यांच्या घरी ते रोज बोलतात. मग आमचं असंच चाललं. मी अक्षरं पुरवायची, त्यांनी वाक्य करायचं, आणि मला समजलं नाही की त्या तमिळमध्ये सांगायच्या आणि माझी मुलगी ते मला मराठीत सांगायची. पंधरा-वीस ओळी झाल्या असतील. तेवढ्यात दिवे लागले आणि पूजेची वेळ झाली म्हणून आजी आत गेल्या.

पुण्याच्या मंडळींनो, पुढच्या सुट्टीत वर्तमानपत्र धरायचं तर जरूर धरा. पण त्या संध्याकाळी आमच्या तिघांतली एक व्यक्ती तिथे नसती तर ते वाचन झालंच नसतं, आणि ती व्यक्ती मी नव्हे.

निघताना आजींनी डांगर पच्चडी करायची कृती सांगितली. मेतकूट, डांगर हे शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात जसेच्या तसे आहेत, फक्त डांगराला पच्चडी चिकटली आहे. मुलीने ती वहीत उतरवून घेतली. भाषा मराठी, लिपी तमिळ. तमिळ अक्षरं मला बसच्या पाट्यांपुरती येतात, म्हणून रविवारी वही पुढ्यात घेऊन मीच उभा राहिलो. तमिळमध्ये प, फ, ब, भ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. पहिलीच ओळ मी मोठ्याने वाचली, "उडदाची डाळ पाजा."

"भाजा, बाबा," ती बाहेरच्या खोलीतून ओरडली. "मंद आचेवर. आणि दही आंबट नको, आजींनी दोनदा सांगितलंय."