'व्यत्यय'च का?

चि. मिनूस,


माझं ई-पुस्तक तिकडे टोरांटोत फोनवर वाचून काढलंस, बरं वाटलं. पण "आत्या, 'व्यत्यय' कसलं नाव गं?" हे काय! अगं, हा शब्द आम्हाला शाळेने नाही, टीव्हीने शिकवला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुण्यात ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून यायचं. वाड्यात एकच संच, लाकडी शटरचा, आणि समोर अख्खा वाडा. मालिकेतल्या चिमणरावांची फजिती रंगात आलेली, चिमणराव झालेले प्रभावळकर तोंड उघडणार, तोच चित्र गायब आणि पडद्यावर पाटी: 'व्यत्यय'. कुणी घरी जायचं नाही. फार तर बायका तेवढ्यात आमटी ढवळून यायच्या.

पुढे मी नववीला मराठी शिकवायला लागले. संधी काही केल्या पोरांच्या गळी उतरेना. एकदा फळ्यावर लिहिलं, वि + अति + अय. 'इ'चा 'य्' झाला, पुढे परत झाला. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, टीव्हीवरची पाटी!" त्या दिवसापासून माझ्या तासाला टीव्ही आला. चिमणराव लिहिणारे चि. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवायचे, १९६३ला गेले, त्यांनी ही मालिका पाहिलीच नाही, हे ऐकून तर वर्ग चक्क हळहळला.

निवृत्तीनंतर हेच सगळं एका ऑनलाइन दिवाळी अंकाला लिहून पाठवलं. श्रीलिपीत टाइप केलेलं. संपादकांकडे तो फॉन्ट नव्हता, त्यांना दिसली नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं! मग अठ्ठावन्नाव्या वर्षी इनस्क्रिप्ट शिकले, डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, आणि अख्खा लेख युनिकोडमध्ये पुन्हा बडवला. त्यातूनच लेखमाला झाली, मग हे पुस्तक.

तेव्हाचं सगळंच गोड होतं असं लिहिणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम लागला की आम्ही पोरं अंगणात पळायचो. त्या गोडव्यात व्यत्ययही असायचेच, म्हणून पुस्तकाला नावही पाटीचंच दिलं.

तुझ्या बाबाला विचार, अँटेना फिरवायला गच्चीवर कोण चढायचं. तो म्हणेल "मी". विश्वास ठेवू नकोस, मी चढायचे.

तुझी,
आत्या